‘पण’ : रूप एक, मुळे तीन

पुढील वाक्य पाहा : ‘बालपण नाकाडोंगरीत गेले, पुढे गाव सुटले, पण परतण्याचा पण त्याने मोडला नाही.’ येथे ‘पण’ तीनदा आला असला, तरी तो एकच शब्द नव्हे.

‘बालपण’मधील ‘-पण’ हा भाववाचक नामे सिद्ध करणारा प्रत्यय होय. वैदिक ‘-त्वन’पासून प्राकृतात ‘-त्तण’ आणि अपभ्रंशात ‘-प्पण’ झाला. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ‘-प्पण’ नोंदविला आहे. ‘वड्डप्पण’ म्हणजे मोठेपण. उभयान्वयी ‘पण’ संस्कृत ‘पुनर्’पासून आला. तिसरा ‘पण’, म्हणजे पैज किंवा प्रतिज्ञा, हा तत्सम शब्द. सीतास्वयंवराच्या कथेत तो भेटतो, नित्याच्या बोलण्यात क्वचितच.

इंग्रजीतही असे साम्य फसवे ठरते. ‘चाइल्डहुड’मधील ‘-हुड’ हा जुन्या इंग्रजीत ‘अवस्था, दर्जा’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द होता. तो लोपला, प्रत्यय उरला. डोके झाकणाऱ्या ‘हुड’शी त्याचे नाते नाही. मराठी ‘-पण’ मात्र मुळापासून प्रत्ययच आहे.

म्हणून व्युत्पत्ती सांगताना आजच्या ध्वनिसाम्यावर विसंबू नये. जुनी रूपे तपासावीत.

स्वाध्याय : आपल्या बोलीतील ‘-पण’ प्रत्यय लागलेली पाच नामे लिहा व प्रत्येकाचा मूळ शब्द सांगा.