चित्र विकलं, हक्क विकले नाहीत

पहिल्या एकल प्रदर्शनाच्या तयारीला लागलेले तरुण चित्रकार फ्रेम, आमंत्रणपत्रिका आणि उद्घाटनाचे पाहुणे यांवर तासन्‌तास बोलतात. विक्रीचा विषय निघाला की मात्र एक वाक्य हटकून कानी पडतं : ‘एकदा चित्र विकलं की त्यावर आपला काय हक्क?’ अनुभवी मंडळीही हेच सांगतात, तेव्हा संताप येतो. कारण हे साफ चूक आहे.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा कॉपीराइट मुळात चित्रकाराचा. घेणारा चित्राचा मालक होतो. तो ते भिंतीवर लावेल, भेट देईल, पुन्हा विकेल. पण त्याचं कॅलेंडर, मुखपृष्ठ किंवा टी-शर्ट छापायचा तर चित्रकाराची परवानगी हवी. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. चित्र विकल्याची लाल टिकली लागली, पैसे मिळाले, एवढ्याने तो जात नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो.

एक अपवाद नीट समजून घ्या. कोणी मोबदला देऊन सांगून करून घेतलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट करवून घेणाऱ्याचा. स्वतःहून रंगवलेल्या चित्रांना हा अपवाद लागू नाही.

शिवाय कलम ५७चे हक्क कॉपीराइट दिल्यावरही उरतात : चित्राखाली आपलं नाव असणं आणि प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड न होणं. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. ते सरकारनेच करवून घेतलेलं होतं. तरीही २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष सहगलांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कलाकाराचे हक्क कागदावरच राहतात, असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

मात्र हक्क हातात असला तरी चित्र हातात नसतं. म्हणून प्रदर्शनाआधीच प्रत्येक चित्राचे छपाईयोग्य फोटो काढून ठेवा. पावतीवर शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत लिहा. ‘पुनर्मुद्रणाचे सर्व हक्क चित्रकाराकडे’ ही ओळही घाला. पुढे प्रदर्शनासाठी चित्र उसनं मिळावं असं वाटत असेल तर तेही तिथेच लिहून घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

‘नोंदणी केल्याशिवाय कॉपीराइट मिळत नाही.’ चित्र तयार होताच तो मिळतो. नोंदणी वादात पुरावा म्हणून उपयोगी, सक्तीची नाही.

‘पुन्हा विक्री झाली तर चित्रकाराला काही नाही.’ मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कलम ५३अ प्रमाणे कॉपीराइटच्या पहिल्या मालक असलेल्या चित्रकाराला वाटा मागता येतो; कमाल दहा टक्के.

‘पहिलं प्रदर्शन मुंबईच्या जहांगीर कलादालनातच हवं.’ तिथली तारीख मिळायला वर्षं जातात. अर्ज आजच करा आणि तोवर आपल्या शहरातल्या कलादालनात चित्रं मांडा.

‘जास्त चित्रं, जास्त विक्री.’ खच्चून भरलेल्या भिंतीवर एकही चित्र धड दिसत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर ठेवा आणि दोन चित्रांत मोकळी जागा सोडा.

पावतीपुस्तक उद्घाटनाआधी तयार ठेवा. पहिला ग्राहक समोर उभा राहिल्यावर हक्कांची भाषा सुचत नाही. ती आधीच छापलेली हवी.