एसएसएच ‘चालत नाही’ म्हणजे नेमकं कुठे अडतं?

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावातून मुलं शिकायला, नोकरीला पुण्याला जातात आणि घरचा डेस्कटॉप घरीच राहतो. प्रोजेक्टच्या फायली त्यावर, दुकानाचा हिशेब त्यावर. पुण्याच्या खोलीवर बसून त्या कॉम्प्युटरला कमांड देता यावी, यासाठी एसएसएच हे फुकट आणि भक्कम साधन आहे. पण ते बसवताना इंग्रजीतली पहिली एरर आली की ‘चालत नाही’ म्हणून ते काढलं जातं, पुन्हा टाकलं जातं आणि शेवटी विंडोजच फॉरमॅट मारलं जातं. यातलं काहीही करायची गरज बहुतेक वेळा नसते. एसएसएचची एरर काम कुठवर पोचलं आणि कुठे अडलं, तेच सांगत असते. ती वाचायची मात्र राहून जाते.

गैरसमज : ‘एसएसएच कमांड चालते, म्हणजे ते बसलेलं आहे.’

घोटाळ्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. एसएसएचचे दोन भाग आहेत. ज्या मशिनवरून जायचं, तिथे क्लायंट लागतो. ज्या मशिनवर जायचं, तिथे सर्व्हर लागतो. विंडोज १० मध्ये एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून क्लायंट आयताच येऊ लागला. सर्व्हर मात्र सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘ओपनएसएसएच सर्व्हर’ या नावाने वेगळा घ्यावा लागतो. घरच्या मशिनवर ‘एसएसएच’ टाइप करून कमांड ओळखली गेली, एवढ्यावरून सर्व्हर आहे असं ठरत नाही.

बरं, सर्व्हर बसवला तरी तो आपोआप सुरू होतोच असं नाही. सर्व्हिसेसच्या यादीत ‘ओपनएसएसएच एसएसएच सर्व्हर’ शोधा, ती सुरू करा आणि ‘स्टार्टअप टाइप’ ऑटोमॅटिक ठेवा. हे शेवटचं राहिलं तर लाइट जाऊन आल्यावर मशिन सुरू होईल, पण सर्व्हर झोपलेलाच राहील. गावाकडे लाइट जाते, त्यामुळे हा प्रश्न कधी ना कधी येणारच.

गैरसमज : ‘रिफ्यूज्ड काय नि टाइम्ड आउट काय, दोन्हींचा अर्थ एकच, लागत नाही.’

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे दार वाजवल्यावर आतून ‘नाही’ असं उत्तर आलं. पत्ता बरोबर आहे, मशिन जागं आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही. मशिन बंद असेल, झोपेत असेल, पत्ता चुकला असेल किंवा फायरवॉलने निरोप परस्पर गिळला असेल.

यात विंडोजची एक खोच आहे. विंडोजची फायरवॉल बंद पोर्टवर ‘नाही’ असं उत्तरही बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे सर्व्हर नुसता बंद असला, तरी दुसऱ्या मशिनवर ‘टाइम्ड आउट’च दिसतं आणि माणूस तासन्‌तास राउटरमध्ये चूक शोधत बसतो.

म्हणून तपासणी नेहमी आतून बाहेर करावी. आधी घरच्या मशिनवरच बसून ‘एसएसएच लोकलहोस्ट’ द्या. इथे ‘रिफ्यूज्ड’ आलं तर दोष सर्व्हिसचा, राउटरला हात लावू नका. पासवर्ड विचारला तर सर्व्हर ठणठणीत आहे. मग घरातल्याच वायफायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून प्रयत्न करा. तिथे अडलं तर फायरवॉल बघा. अनेक विंडोज ११ मशिनांवर एसएसएचचा फायरवॉल नियम फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कला परवानगी देतो आणि घरचं वायफाय मात्र ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असतं. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ केलं की काम होतं. फायरवॉलच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका.

काल लागत होतं आणि आज लागत नाही, असं झालं तर घरच्या मशिनवर ‘आयपीकॉन्फिग’ चालवून पत्ता पुन्हा पाहा. लाइट जाऊन आल्यावर राउटर पुन्हा सुरू होतो आणि मशिनला वेगळा पत्ता देऊ शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या मशिनसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो.

गैरसमज : ‘पासवर्ड टाइपच होत नाही, कीबोर्ड बिघडला.’

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षर किंवा ठिपका काहीच उमटत नाही. पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेही शेजारच्याला कळू नये म्हणून ते तसं ठेवलेलं आहे. टाइप करा, एंटर दाबा.

गैरसमज : ‘पिन बरोबर टाकला तरी परमिशन डिनाइड येतं, म्हणजे इन्स्टॉलेशन बिघडलंय.’

‘परमिशन डिनाइड’ दिसलं तर निम्मी लढाई जिंकली असं समजा. नेटवर्क, फायरवॉल, सर्व्हर सगळं ठीक आहे, फक्त ओळख पटलेली नाही. रोज ज्या चार-सहा आकडी पिनने आपण विंडोज उघडतो, तो त्या मशिनपुरताच असतो. एसएसएचला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर त्या खात्याचा पासवर्ड. पिनच्या सवयीमुळे तो कधीचाच विसरलेला असतो.

पासवर्डऐवजी की, म्हणजे सार्वजनिक आणि खासगी अशी फायलींची जोडी, वापरणं अधिक चांगलं, पण विंडोजवर तिथेही दोन खड्डे आहेत. खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असेल तर सार्वजनिक की युजरच्या फोल्डरमध्ये ठेवून चालत नाही. ती सी ड्राइव्हमधल्या ‘प्रोग्रामडेटा’खालच्या ‘एसएसएच’ फोल्डरमध्ये, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स अंडरस्कोर ऑथराइज्ड अंडरस्कोर कीज’ या फायलीत लागते. त्या फायलीला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिम यांच्याशिवाय कुणाचीही परवानगी नको. दुसरा खड्डा नोटपॅडचा. फाइल सेव्ह करताना नोटपॅड शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ लावतं, विंडोज ते शेपूट लपवतं आणि नाव दिसायला अगदी बरोबर दिसतं. सर्व्हरला मात्र ती फाइल सापडत नाही. एक्सप्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ दाखवायला सांगा, शेपूट लगेच दिसेल.

गैरसमज : ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड, म्हणजे मशिन हॅक झालं.’

होऊ शकतं, पण घरगुती वापरात कारण बहुधा साधं असतं. प्रत्येक सर्व्हरची स्वतःची की असते आणि क्लायंट ती पहिल्या भेटीत लिहून ठेवतो. विंडोज फॉरमॅट केलं की सर्व्हरची की नवी होते, आणि जुनी नोंद जुळत नाही म्हणून क्लायंट ओरडतो. राउटरने तोच पत्ता दुसऱ्या मशिनला दिला तरी हेच घडतं. कारण माहीत असेल तर जुनी नोंद काढा. माहीत नसेल तर घरी कुणाला तरी त्या मशिनसमोर बसवून कीचा ठसा (फिंगरप्रिंट) जुळवून घ्या, तोवर पासवर्ड देऊ नका.

गैरसमज : ‘घरात चालतं, म्हणजे पुण्याहूनही चालेल.’

१९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता घरापुरता असतो, पुण्याहून तो लागणार नाही. राउटरवर पोर्ट उघडण्याचा उपाय सांगितला जातो. पण मोबाइल डेटावर आणि अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही अशाच वाटपात आहात, आणि पोर्ट उघडून काहीही होणार नाही. मग इंटरनेट कंपनीकडे स्थिर पत्ता मागा, किंवा टेलस्केलसारखं खासगी जाळं दोन्ही मशिनवर बसवा. दुसरा मार्ग मला अधिक पटतो, कारण त्यात घराचं दार साऱ्या इंटरनेटला दिसत नाही. पोर्ट उघडलंच तर पासवर्ड बंद करून फक्त की चालू ठेवा. २२ ऐवजी दुसरा पोर्ट नंबर दिल्याने धडका कमी होतात, कुलूप मजबूत होत नाही.

गैरसमज : ‘रिमोट म्हटलं की फसवणूकच.’

ही भीती उगाच आलेली नाही. एनीडेस्क हे रिमोट अ‍ॅप डाउनलोड करायला लावून खाती रिकामी करणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. अनोळखी माणसाने फोनवर काहीही बसवायला सांगितलं तर नकार द्यायचा. फसवणूक झालीच असेल तर लगेच १९३० वर तक्रार करायची. एसएसएचचा जन्म मात्र चोरी थांबवायला झाला. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या टाटू युलोनेन यांनी ते लिहिलं. तोवर वापरात असलेल्या टेलनेटमध्ये पासवर्ड तारेतून उघडा जात असे. टेलनेटचा पोर्ट २३, एफटीपीचा २१, म्हणून त्यांनी मधला २२ मागून घेतला. आपण वापरतो ते ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी दिलं. पुण्यात आयसरमधल्या परम ब्रह्म महासंगणकावर संशोधक याच मार्गाने आत जातात.

एवढं करूनही अडलं तर जाणकाराला जरूर विचारा. विचारताना ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. कमांड कोणत्या मशिनवर दिली ते लिहा, एररची पूर्ण ओळ जशीच्या तशी द्या आणि ‘एसएसएच’ला ‘वजा व्ही’ जोडून जे उमटेल तेही पाठवा. खासगी की मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका, मदत करणाऱ्यालाही नाही. त्याला तिची गरज नसते.