ऊर्जाधोरण : आपल्या मुलांसाठी एक वाट

दहावीनंतर काय, असे पालक विचारतात तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडे बोलणे सहसा जात नाही. म्हणून येथे आम्ही ऊर्जाधोरणाविषयी लिहीत आहोत. हे क्षेत्र आपल्याला परके नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे व वीज हे विषय बाबासाहेबांकडेच होते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले.

सूर्याची वीज दिवसा तयार होते; शेतीपंपाला मात्र अनेक गावांत ती रात्री मिळत आली. अंधारात पाणी धरायला जाणाऱ्या आपल्या पालकांना याचा अर्थ सांगायला नको. गावाजवळ सौरप्रकल्प उभारून पंपांना दिवसा वीज देण्याची योजना राज्याने २०१७ मध्ये आणली. असे निर्णय धोरणातून होतात, आणि त्यासाठी केवळ अभियंते पुरत नाहीत. २००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरविण्यापूर्वी नियामक आयोगाला जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. दरप्रस्तावातील खर्च तपासायला वाणिज्य शाखेचा पदवीधर हवा, हरकत मांडायला कायद्याचा, अनुदान नेमके कोणाच्या पदरात पडते हे शोधायला अर्थशास्त्राचा. पुण्यातील 'प्रयास' ही संस्था असे काम वर्षानुवर्षे करीत आहे.

उद्योगांतही जागा आहेत. बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सेबीने सक्तीचा केला. तो लिहिणारी माणसे लागतातच.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी या क्षेत्रात असल्यास त्यांनी अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक रविवार द्यावा, ही आमची विनंती.