शाहिराच्या स्मृतीतून मुलांच्या हाती पेटी

आपल्या वस्तीत जयंती असो, लग्न असो की पुण्यानुमोदन, गाण्यावाचून कार्यक्रम पार पडत नाही. भाषण घरी जाईपर्यंत विसरले जाते. गाणे मात्र भाकरी थापणाऱ्या माउलीच्याही ओठी राहते. हे प्रबोधन ज्यांनी जन्मभर केले, त्यांत लोककवी वामनदादा कर्डक अग्रभागी होत. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. १५ मे २००४ रोजी ते गेले. गाणी मात्र आजही गावोगावच्या गायन पार्ट्यांच्या तोंडी आहेत.

अशा कवी-गायकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ त्यांची गाणी नव्या गळ्यांतून ध्वनिमुद्रित करावीत, अल्बम काढावा आणि त्याचा पैसा मुलांच्या संगीत शिक्षणाला द्यावा, ही कल्पना कोणालाही पटेल. घिवली, तारापूर, बोईसर या पट्ट्यात डब्यावर ठेका धरणारी मुले घरोघरी आहेत. पण बाप कारखान्यात पाळीवर जाणारा. शिकवणीची फी आणि घिवलीहून बोईसरला जाण्याचे भाडे यांचा मेळ त्याच्या पगारात बसत नाही.

मात्र हेतू चांगला असला म्हणजे पैसा आपोआप मुलांपर्यंत पोचतो, असे नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले. नंतर निघालेल्या अल्बमची प्रचंड विक्री झाली, परंतु मदतकार्याची आगाऊ रीतसर नोंद नसल्यामुळे तो पैसा करखात्याच्या कचाट्यात अनेक वर्षे अडकला. उपाशी लेकरे काही कागदपत्रांची वाट पाहत थांबत नाहीत.

आपल्याकडचा दाखलाही बोलका आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावर विसंबून न राहता लोकवर्गणी आणि स्वतःच्या गायनाचे जलसे यांवर ते चालवले. पुढे मुंबईत शाळेसाठी मोठी इमारत बांधली, पण कर्जापायी ती लिलावात गेली. शिष्य मात्र राहिले आणि त्यांनी गावोगाव गाणे शिकवले. इमारत गेली तरी शिकवलेले गाणे टिकले.

यातून धडा घ्यायचा तो असा. पहिले, परवानगी. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे गीतांचे हक्क वारसांकडे किंवा ज्यांना ते दिले असतील त्यांच्याकडे राहतात. म्हणजे वामनदादांच्या गीतांबाबत २०६४ अखेरपर्यंत. श्रद्धांजली वाहायची आणि शाहिराच्या घरच्यांना विचारायचेही नाही, हे शोभणारे नव्हे. दुसरे, नोंदणी. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था, बँकेत वेगळे खाते आणि दोघांच्या सह्या, हे सारे ध्वनिमुद्रणाच्या आधी व्हावे. तिसरे, खर्चाची वाटणी. पेटी आणि ढोलकी एकदा घेतली की झाली. शिक्षकाचे मानधन मात्र दरमहा लागते. सगळी रक्कम वाद्यांवर आणि उद्घाटनाच्या मंडपावर गेली, तर वर्षभरात पेटीवर धूळ बसते. म्हणून निदान दोन वर्षांचे मानधन आधी बाजूला काढावे.

आणि हिशेब वर्षातून एकदा विहारात, माता-भगिनींसमोर मोठ्याने वाचला जावा. दहा रुपये देणाऱ्या मोलकरणीलाही तो विचारण्याचा हक्क आहे. मुलींची नावे यादीत किती, हेही तिथेच सांगावे. पोरगी कोरसात चालते आणि पेटीवर मात्र पोरगाच बसतो, ही रीत आता मोडली पाहिजे.

ज्या कवीला बालपणी पाटी मिळाली नाही, त्याच्या गाण्याच्या पैशातून एखाद्या मुलीला सरगम शिकता आली, तर फोटोला घातलेल्या हारापेक्षा ते अभिवादन मोठे ठरेल. जयंती मंडळांनी पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्यावा.