राट्स सरांची शाळा

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या युजीन विग्नर यांच्या खोलीत एका शाळामास्तरांचा फोटो लावलेला असे. विग्नर यांना १९६३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आइन्स्टाइन, डिरॅक यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना लाभला होता. डिरॅक तर त्यांचे मेहुणेच. तरीही भिंतीवरचा मान मिळाला तो बुडापेस्टच्या एका हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या लास्लो राट्स यांना.

ही शाळा बुडापेस्टच्या पेस्ट भागात, झाडांच्या दुतर्फा रांगा असलेल्या एका रस्त्यावर आहे. त्या रस्त्यावरूनच तिला ‘फाशोरी’ हे नाव पडलं. मूळ शाळा ल्युथरन पंथाच्या लोकांनी १८२३ साली काढली. हंगेरीचा राष्ट्रकवी शांदोर पेटोफी या मूळ शाळेत काही काळ शिकला आणि ज्यू राष्ट्राची कल्पना मांडणारे थिओडोर हर्झल तिथूनच शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले. आजची इमारत १९०४ सालची. शहराचा प्रसिद्ध मोठा बाजार ज्यांनी बांधला त्या शामू पेत्स यांनीच ती उभारली. शाळा ख्रिस्ती, पण वर्गात ज्यू मुलंही मोठ्या संख्येनं असत आणि त्यांना धर्मशिक्षण द्यायला रब्बी येत. त्या काळच्या युरोपात ही साधी गोष्ट नव्हती.

राट्स सर १८९० मध्ये या शाळेत रुजू झाले आणि १९२५ पर्यंत शिकवत राहिले. मधली काही वर्षं ते मुख्याध्यापकही होते. पण त्यांचं खरं मोठं काम वर्गाच्या बाहेर पसरलेलं आहे. ग्योर या गावातल्या दानिएल आरान्य नावाच्या शिक्षकानं १८९४ साली शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक सुरू केलं. दोन वर्षांनी त्याचं संपादन राट्स सरांकडे आलं आणि १९१४ मध्ये महायुद्धामुळे अंक बंद पडेपर्यंत ते त्यांनी सांभाळलं. मासिकाची रीत अगदी सोपी होती. दर महिन्याला गणितं छापायची. देशभरातल्या मुलांनी ती घरी बसून सोडवायची आणि उत्तरं टपालानं पाठवायची. सर्वांत सुबक उत्तर पुढच्या अंकात मुलाच्या आणि त्याच्या शाळेच्या नावासकट छापून यायचं. आडगावच्या मुलाला आपलं नाव राजधानीच्या मासिकात दिसायचं! मासिक पुन्हा सुरू झाल्यावर पुढे मोठा गणिती झालेला पॉल अर्दोश त्यातलीच गणितं सोडवत वाढला. परीक्षेत पाठांतर चालून जातं, इथे मात्र महिनाभर एकाच प्रश्नाशी झुंजावं लागे. हंगेरीतून इतके गणिती कसे निघाले, याचं उत्तर मला कुठल्याही ‘अलौकिक प्रतिभे’पेक्षा या टपालात जास्त सापडतं.

१९१४ मध्ये दहा-अकरा वर्षांचा यानोश नॉयमन शाळेत दाखल झाला. जग त्याला पुढे जॉन फॉन नॉयमन म्हणून ओळखू लागलं. हा मुलगा निराळाच आहे हे राट्स सरांनी लवकरच हेरलं. ते मुलाच्या वडिलांना भेटले आणि त्यांनी सांगितलं, की याला शाळेचं गणित शिकवत बसणं म्हणजे वेळ फुकट घालवणं आहे. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांना हे पटलं. मग विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून मुलाच्या शिकवणीची सोय झाली. त्यांपैकी गाबोर सेगो पहिल्या भेटीनंतर घरी आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं त्यांच्या पत्नी सांगत. मला सेगोंच्या अश्रूंइतकंच राट्स सरांच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक वाटतं. आपल्या वर्गातला सर्वांत हुशार मुलगा स्वतःहून दुसऱ्याच्या हाती सोपवणं सोपं नाही.

विग्नर नॉयमनच्या एक वर्ष पुढे होते. त्यांना सरांनी खास शिकवणी दिली नाही, पण आपल्याकडची गणिताची पुस्तकं वाचायला दिली. मुलाने कातड्याच्या कारखान्यात हातभार लावावा असं वडिलांच्या मनात होतं, म्हणून विग्नर यांनी बर्लिनमध्ये रासायनिक अभियांत्रिकी शिकून घेतली. नॉयमन यांनीही झुरिकला तीच पदवी घेतली. पुढे एकजण अणूच्या गर्भातल्या सममितीकडे वळला. दुसऱ्यानं १९२८ मध्ये खेळांच्या गणिती सिद्धान्तावर शोधनिबंध लिहिला आणि १९४५ मध्ये संगणकाच्या रचनेचा तो आराखडा मांडला, ज्यावर आजचेही बहुतेक संगणक चालतात.

तिसरा मुलगा वयानं बराच लहान, जॉन हर्शान्यी, जन्म १९२०. त्याच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. आई-वडिलांनी ही शाळा निवडली ती नाव ऐकूनच, आणि नॉयमन व विग्नर तिचेच विद्यार्थी, हे हर्शान्यी यांनीही आत्मवृत्तात अभिमानानं नोंदवलं आहे. १९३७ मध्ये शालेय मुलांच्या देशव्यापी गणित स्पर्धेत तो पहिला आला. नॉयमन यांनी पाया घातलेल्या त्याच खेळ-सिद्धान्तात भर घातल्याबद्दल हर्शान्यी यांना १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

फाशोरीच्या नावावर आणखीही बरंच काही खपवलं जातं. एडवर्ड टेलर किंवा लिओ सिलार्ड यांना तिचे विद्यार्थी म्हणणारे भेटतात, ते खरं नाही. टेलर ‘मिंता’ या दुसऱ्या नामांकित शाळेचे. सिलार्डही वेगळ्याच शाळेत शिकले. फाशोरीला उसन्या नावांची गरजच नाही. एक मात्र मान्य केलं पाहिजे, की ही बहुतेक मुलं खात्यापित्या घरची होती आणि घरीही पुस्तकं होती.

या अभिमानाची दुसरी बाजू दुःखद आहे. १९२० मध्ये हंगेरीत ज्यू विद्यार्थ्यांच्या विद्यापीठ प्रवेशावर मर्यादा घालणारा कायदा झाला. फाशोरीचे हे तिघेही ज्यू घरांतले. नॉयमन, विग्नर अमेरिकेत स्थायिक झाले. हर्शान्यी यांना १९४४ मध्ये सक्तीच्या मजुरीला जुंपलं गेलं. छावणीकडे नेलं जात असताना ते निसटले आणि जेझुइटांच्या मठात लपून राहिले. १९५० मध्ये साम्यवादी राजवटीतून चोरवाटेनं सीमा ओलांडून ते बाहेर पडले. शहरानं ज्यांना जगू दिलं नाही, त्यांनी त्या शहरातल्या शाळेची आठवण मात्र जपली. १९५२ मध्ये शाळाच बंद झाली. सदतीस वर्षं तिथे फाशोरीचा वर्ग भरला नाही. राजवट ढासळू लागली तसे जुने विद्यार्थी आणि चर्च पुढे सरसावले आणि १९८९ मध्ये शाळा त्याच इमारतीत पुन्हा सुरू झाली. हर्शान्यींचं नोबेल जाहीर झालं तेव्हा आनंद साजरा करायला शाळा जागेवर होती!

हंगेरीत आज राट्स सरांच्या नावानं गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांना जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. आपल्याकडेही शाळांचे अमृतमहोत्सव, शताब्दी थाटात होतात. स्मरणिका निघतात आणि त्यांत डॉक्टर, सनदी अधिकारी, परदेशी गेलेले अभियंते अशा माजी विद्यार्थ्यांच्या याद्या छापल्या जातात. त्या जरूर छापाव्यात. पण आपल्या शाळेची स्मरणिका निघणार असेल, तर एवढं करा: प्रत्येक नावापुढे हुद्द्याबरोबर त्या मुलाला कोणत्या सरांनी किंवा बाईंनी कोणतं पुस्तक दिलं, कुणाकडे पाठवलं, घरी जाऊन वडिलांना काय सांगितलं, हेही विचारून लिहा. ते सर, त्या बाई हयात असतील तर आधी त्यांच्याकडे जाऊन या.