मन आधी दमतं

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन अलीकडे साधारणपणे जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात होते. त्यामुळे आपल्या धावपटूंच्या सरावाचे सर्वांत लांब पल्ले नेमके मार्च ते मे या महिन्यांत येतात. पुण्यात बोपदेव घाट किंवा सिंहगड रस्ता, साताऱ्यात यवतेश्वरचा चढ, ठाण्यात येऊर. पहाटे साडेतीनला उठायचं आणि उन्हाचे चटके सुरू होण्याआधी जमेल तेवढं अंतर मागे टाकायचं. शनिवारी ३५ किलोमीटर झाले तरी रविवारी आणखी २० ठरलेलेच. दमलेल्या पायांनी धावण्याची सवय व्हावी म्हणून ही जोडी मुद्दाम लावलेली असते. पाय दमणार हे सगळ्यांना माहीत असतं. एप्रिलमध्ये मन बसतं, त्याची मात्र कुणी आधी कल्पना दिलेली नसते.

डर्बन आणि पीटरमॅरिट्सबर्ग या दोन शहरांमधली ही शर्यत सुमारे ९० किलोमीटरची. पहिल्या महायुद्धात लढलेल्या विक क्लॅफम यांनी युद्धात गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ ती सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ३४ जण धावायला उतरले, १६ जणांनी शर्यत पुरी केली. आता हजारो जण धावतात; परदेशी धावपटूंत भारतीय मोठ्या संख्येने असतात आणि त्यांत महाराष्ट्रातले पुष्कळ. मुदत १२ तासांची. ती संपली की अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. पुढचं पाऊल रेषेवर पडणार असलं तरी त्याची नोंद होत नाही. हा बार सरावाच्या महिन्यांत अनेकांच्या झोपेत वाजत असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलतरणपटूंच्या मनःस्थितीचा दहा वर्षं मागोवा घेतला आणि १९८७ मध्ये निष्कर्ष मांडले. सराव जसजसा वाढवला तसतशी खिन्नता, चिडचिड आणि थकवा वाढत गेला. सराव उतरवल्यावर मन पूर्वपदावर आलं. म्हणजे भर सरावात उदास वाटणं हा मनाचा कमकुवतपणा नाही, ते कष्टांचं माप आहे. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे अशा दिवशी माणूस स्वतःलाच बोल लावतो. गटातले बाकीचे धावले, आपणच अंथरुणात राहिलो, या विचाराने तो दुसऱ्या दिवशी दुप्पट धावतो आणि खड्ड्यात आणखी खोल जातो.

साधी मरगळ पहिल्या चार-पाच किलोमीटरमध्ये किंवा एका सुट्टीने निघून जाते. अतिसरावाने आलेली मरगळ तशी जात नाही. झोप मध्येच मोडते, सकाळची नाडी नेहमीपेक्षा वेगाने चालते, जेवण नकोसं होतं, रोजचाच वेग जड वाटू लागतो, घरच्यांवर विनाकारण आवाज चढतो. ही लक्षणं एकत्र दिसली की तो आठवडा सोडून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. जिद्द दाखवायची जागा ही नव्हे. आणि सराव थांबवूनही मळभ हटत नसेल, तर डॉक्टरांना गाठावं.

डोक्याच्या कामाचाही हिशेब धरावा लागतो. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १६ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९० मिनिटं एकाग्रतेचं काम करून सायकलवर बसल्यावर ही माणसं एरवीपेक्षा सुमारे १५ टक्के लवकर थांबली. हृदय आणि स्नायू बिघडल्याची खूण नव्हती. तेवढाच जोर त्यांना अधिक कष्टाचा वाटत होता. मार्चअखेरची खाती मिटवून रात्री दहाला घरी आलेल्या बँक कर्मचाऱ्याला पहाटेचा घाट अंगावर येतो, त्यामागे हेच असावं.

शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत धावणं कमी करतात. त्याला टेपर म्हणतात. मॉर्गन यांच्या नोंदींत या काळात मन सावरतं, पण कित्येक धावपटूंचा अनुभव आधी काही दिवस उलटा असतो. हात रिकामे होतात आणि शंका भरून येतात. कधी न दुखलेला गुडघा दुखू लागतो, केलेला सराव वाया चालल्यासारखं वाटतं. मुरलेले प्रशिक्षक या दिवसांत सरावाची जुनी डायरी वाचायला सांगतात, आणि ते योग्यच आहे: किलोमीटर तिथे लिहिलेले असतात.

चढाच्या वर्षी, म्हणजे डर्बनहून निघताना, पॉली शॉर्ट्सची टेकडी ८० किलोमीटरच्या आसपास समोर येते. तिथे मन सोडून द्यायला सांगतं, तेव्हा पुष्कळदा रक्तातली साखर उतरलेली असते. दोन घोट कोक, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, दहा मिनिटं चालणं, आणि मगच काय तो निर्णय. हा क्रम एप्रिलच्या घाटातच अंगवळणी पाडावा लागतो. शर्यतीत ‘बस’ही कामी येते. ठरावीक वेळेत पोचवणाऱ्या जाणत्या धावपटूच्या मागे चालणाऱ्या घोळक्याला कॉम्रेड्समध्ये बस म्हणतात. कधी धावायचं, कधी चालायचं हे तो ठरवतो, आणि थकलेल्या डोक्यावरचा तेवढा भार उतरतो.

पदक घेऊन परतल्यावर अनेकांना आठवड्याभरात पोकळी जाणवते. पहाटे जाग येते, जायचं कुठेच नसतं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर इतकं मिळवूनही हा गप्प का, हे त्यांना उमगत नाही. कॉम्रेड्समध्ये पहिली दोन वर्षं लागोपाठ शर्यत पुरी करणाऱ्याला वेगळं पदक मिळतं. त्याच्या ओढीने काही जण या पोकळीतच पुढच्या वर्षीचं ठरवून टाकतात. मी म्हणेन, झोप आणि भूक ताळ्यावर येऊ द्या, घरच्यांशी बोला, आणि मग नाव नोंदवा.