गप्पी मासे सोडू नका, पाळा!

पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायती आणि आरोग्य केंद्रे गप्पी मासे वाटू लागतात. मासे हौदात सोडले जातात, आणि पुढे त्यांच्याकडे कुणी बघत नाही. महिन्या-दोन महिन्यांत हौद धुताना ते पाण्याबरोबर वाहून जातात किंवा ब्लीचिंग पावडरीने मरतात. मग त्याच हौदात डासांच्या अळ्या पुन्हा वळवळू लागतात. मासे सोडणे आणि मासे पाळणे यांत हा फरक आहे.

डेंग्यूच्या विषाणूवर नेमके औषध नाही. उपचार लक्षणांवर होतात. म्हणून डास होऊ न देणे हाच खात्रीचा उपाय. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी घरात साठवलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालते. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. अळ्या श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. गप्पीचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते आणि तोही पृष्ठभागाजवळच फिरतो, त्यामुळे अळ्या त्याला सहज सापडतात.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. तिथून रॉबर्ट गप्पी यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवलेल्या नमुन्यांमुळे १८६६ साली त्याला हे नाव चिकटले.

त्याची पैदास घरच्या घरी करता येते. नर लहान आणि रंगीत शेपटीचा, मादी मोठी, फिकट आणि पोटाने फुगीर. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो. सुमारे चार आठवड्यांनी मादी पिल्ले देते. एका वेळी साधारण २० ते ५०. नराचे शुक्राणू ती शरीरात साठवून ठेवते, म्हणून एकदा समागम झाल्यावर पुढे काही महिने नर नसला तरी तिला पिल्ले होत राहतात.

अडचण एकच, मोठे मासे पिल्लांना खातात. म्हणून टाकीत पाणवनस्पती दाट असाव्यात. त्यांच्या आडोशाला पिल्ले वाचतात. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच भरावे, म्हणजे त्यातला क्लोरीन निघून जातो. पाणी बदलताना सगळे एकदम बदलू नये. खाणे दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. उरलेले कुजले की पाणी बिघडते. हौद धुण्याआधी मासे गाळणीने बादलीत काढून घ्यावेत. गावात एक टाकी अशी सांभाळली, तर मासे वर्षभर मिळत राहतात.

मासे कुठे ठेवायचे, हेही महत्त्वाचे. रोज रिकामा न होणारा सिमेंटचा हौद, शोभेचा हौद ही त्यांची जागा. नदी, ओढा, तळे ही मात्र नव्हे. गप्पी परका आहे. तो झपाट्याने वाढतो, स्थानिक माशांची अंडी-पिल्ले खातो आणि त्यांच्या अन्नात वाटेकरी होतो. पश्चिम घाटातल्या ओढ्यांत अळ्या खाणारे आपले देशी मासे आहेत. डास मारायच्या नादात त्यांनाच हुसकावणे परवडणारे नाही. नको झालेले मासे दुसऱ्याच्या हौदात द्यावेत. ओढ्यात किंवा गटारात टाकू नयेत.

कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा टायर, नारळाची करवंटी इथे मासा काही करू शकत नाही. तिथे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा लागतो. पाणी ओतून देऊन भांडे आतून घासून घ्यावे, कारण एडिसची अंडी कोरड्या भांड्याला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात. जे पाणी ओतता येते ते ओतावे, जे ओतता येत नाही ते झाकावे, आणि जिथे दोन्ही जमत नाही तिथे गप्पी पाळावेत.